मुक्कामी विमान

आज सकाळी उठले तेव्हा फोनमधलं घड्याळ आपण होऊन एक तास पुढे गेलं होतं आणि ओव्हनवरचं मात्र जुन्याच वेळेवर अडून बसलं होतं. मार्चचा शेवटचा रविवार. एजवेअरच्या आमच्या गल्लीत समोरच्या मॅग्नोलियावर फुलं आली आहेत, शेजारच्या बाईंनी लॉनमोअर बाहेर काढून त्याच्याशी झटापट सुरू केली आहे. बाकीच्यांना यात वसंत दिसत असेल. मला विमानं दिसतात. मी ज्या धंद्यात आहे त्यात ऋतू दोनच, समर आणि विंटर. आज समर सुरू झाला. जगभरातल्या एअरलाइन्सची वेळापत्रकं आज एकदम बदलली, आणि कुठल्या तरी विमानतळावर कुणी तरी पहिल्यांदाच एखाद्या नव्या गावाचं नाव बोर्डावर बघत असेल.

या दिवशी मला घरात बसवत नाही. चहा दोनदा होतो, इस्त्री अर्धी राहते. नवरा म्हणतो, "आलं हिचं पाडव्याचं वारं." त्याला काय सांगू? एका वर्षीचा समर माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही.

त्या वर्षीच्या जानेवारीत माझी नोकरी गेली होती. एका मोठ्या ब्रिटिश कंपनीत कुठलं विमान कुठे, किती वाजता जाणार हे ठरवणाऱ्या चाळीस माणसांतली मी एक. चाळिसांची पंचवीस करायचं ठरलं आणि मी उरलेल्या पंधरांत निघाले. चौदा वर्षं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मावली, वर थोडी जागाही उरली. आणि फेब्रुवारीत एस्थरचा फोन आला.

एस्थर ही आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाच्या राष्ट्रीय एअरलाइनची लंडनची मॅनेजर. देश एवढासा, की नकाशावर अंगठा टेकवला तर दिसेनासा होईल. एक मोठं तळं, चहाचे मळे, आणि एक एअरलाइन, जी पूर्वी एकदा बंद पडली होती आणि आता पुन्हा उभी राहू बघत होती. शेपटीवर घरटं विणणारी पिवळी सुगरण रंगवलेली. ऑफिस इल्फर्डला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. मी जिना चढले तेव्हा खाली जिलेबी तळली जात होती. वर एक किटली, दोन टेबलं, आणि स्टँड मोडलेलं विमानाचं मॉडेल, पुस्तकांच्या ढिगाला टेकवून ठेवलेलं.

एस्थर पन्नाशीची, उंच. हसली की टेबलावरचा चहा हिंदकळायचा. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"आमच्याकडे मोठं विमान एक आहे, मेधा. भाड्यानं घेतलेलं. बाकी दोन छोटी, पंख्यांची, देशातल्या देशात फिरतात. लंडनचे स्लॉट मिळालेत, एका समरपुरते. वेळापत्रक सांभाळायला माणूस हवंय. येतेस?"

"एका विमानावर लंडन?"

"एका विमानावर लंडन."

मी प्रश्नचिन्ह लावलं होतं, तिनं पूर्णविराम दिला. मी त्याच दुपारी हो म्हटलं. घरी येताना नॉर्दर्न लाइनमध्ये मला एकटीलाच हसू येत होतं.

स्लॉट म्हणजे काय ते मी आईला फोनवर सांगायचे तसं इथं सांगते. लंडनच्या धावपट्टीवर जागा नाही. उतरायची आणि उडायची ठरलेली वेळ मिळाली, की तो तुमचा स्लॉट. पण तो टिकवावा लागतो. हंगामातल्या पाचातल्या निदान चार फेऱ्या केल्या तर तीच वेळ पुढच्या वर्षीही तुमची. नाही केल्या, तर ती दुसऱ्याची. आमच्या आठवड्याला तीन फेऱ्या होत्या, सोमवार, गुरुवार, शनिवार. सबंध समरच्या मिळून त्र्याण्णव. त्यातल्या पंचाहत्तर तरी व्हायलाच हव्या होत्या. तिकडच्या हेड ऑफिसनं एस्थरला स्पष्ट सांगितलं होतं: लंडनची वेळ गेली तर मोठं विमान परत करायचं, आणि मग राष्ट्रीय एअरलाइन म्हणजे दोन पंख्यांची विमानं, बस्स.

पण आधी विमानात बसायला माणसं हवीत. ती नॉटिंगहॅमला होती.

तिथल्या हॉस्पिटलांत त्या देशातल्या कितीतरी नर्सेस काम करतात. एस्थर आणि मी फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये गेलो. रेडिएटर कोमट, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, मोठ्या पातेल्यात शेंगदाण्याचं कालवण. मी लॅपटॉप लावला, नकाशा दाखवला, लंडनहून थेट जाणारी रेष दाखवली. साठ-सत्तर बायका शांतपणे बघत होत्या. टाळी एकही नाही.

मग मागच्या रांगेतून एक जण उठली. निळ्या कार्डिगनमधली, पस्तिशीची. जॉइस तिचं नाव, लहान मुलांच्या वॉर्डमधली नर्स.

"माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे," ती म्हणाली. "तिला इंग्लिश येत नाही. वाटेत दोन विमानतळांवर विमान बदलायचं म्हटलं की ती म्हणते, मी हरवेन. नऊ वर्षांत ती माझ्याकडे आलेली नाही. तुमचं विमान थेट असेल तर ती येईल. पण मागच्या वेळीही तुम्ही असेच नकाशे दाखवले होते, आणि मग एअरलाइनच बंद पडली. माझी एक मावशी तिकीट हातात धरून एअरपोर्टवर बसून राहिली होती. सॉरी, मी विमान उतरलेलं बघितल्याशिवाय तिकीट काढणार नाही."

आता मात्र टाळ्या पडल्या. तिच्यासाठी.

परतीच्या ट्रेनमध्ये एस्थरनं फोनवर कॅलेंडर उघडलं. मग म्हणाली, "बरोबर बोलली ती. तिला बोलाव. पहिलं विमान उतरेल त्या सोमवारी."

त्याच मार्चमध्ये माझे वडील कऱ्हाडहून आमच्याकडे आले, सहा महिन्यांसाठी. अण्णा आयुष्यभर बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठली वर्कशॉपला गेली, तिच्या जागी कुठली लावायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. लहानपणी मला वाटायचं, अख्ख्या जिल्ह्यातल्या लाल गाड्या अण्णांच्या आवाजावर चालतात. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात घड्याळं पुढे गेली तर ते हबकलेच.

"सगळा देश एकदम तास पुढे करतो? मग पहाटेच्या गाडीचं काय करतात हे लोक?"

"आपोआप होतं अण्णा."

"आपोआप काही होत नसतं, मेधा. कुणीतरी जागं असतं."

पहिल्या सोमवारी मी त्यांना आणि इराला घेऊन विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या गवतावर गेले. इरा माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, इथंच जन्मलेली. जॉइस नॉटिंगहॅमहून पहाटेचा कोच पकडून आली होती. हातात कागदी कपातली कॉफी, तोंडावर तोच निळ्या कार्डिगनमधला अविश्वास. गवत दवानं ओलं, बूट भिजलेले, विमानाच्या इंधनाचा तो घासलेटसारखा वास. आभाळ राखाडी. एकामागून एक दिवे उतरत होते, ते कुणाकुणाचे होते, आमचे नव्हते. उतरायची साडेसहाची वेळ होऊन गेली. सहा पस्तीस. 

आणि ढगातून दोन दिवे बाहेर आले. मग नाक, मग पंख, आणि वळता वळता शेपटीवरची पिवळी सुगरण.

"आई! तुझा विमान आला!" इरा किंचाळली.

"तुझं विमान आलं," अण्णा नजर न हटवता म्हणाले.

"आजोबा प्लीज, आत्ता नको, तो लँड होतोय!"

"ते. होतंय."

चाकं टेकली, धूर उडाला, आणि मी रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही. मी हजारो विमानांची वेळापत्रकं बनवली होती. पण त्या सगळ्या स्क्रीनवरच्या चौकटी होत्या. एखादं विमान आपण बोलावलं आणि ते खरंच आलं, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

जॉइसनं कॉफी गवतात ठेवली आणि फोन लावला. तिच्या भाषेतलं मला काही कळलं नाही, पण एकच शब्द तिनं तीनदा म्हटला. नंतर तिनं सांगितलं, त्याचा अर्थ "आलं". मग तिथंच, उभ्या उभ्या, थंडीनं लाल झालेल्या बोटांनी तिनं आईचं तिकीट काढलं. मेच्या पहिल्या आठवड्याचं.

आज हे लिहिताना फोन टिंगटिंग करतोय. आमच्या ग्रुपवर फोटो येताहेत. मोठी विमानं आता तीन आहेत, छोटी पाच. मुंबईला आठवड्यातून चार दिवस जातो. लंडन रोज. इल्फर्डचं ऑफिस तिथंच आहे, फक्त शेजारच्या खोल्याही घेतल्या, आणि अकरा माणसांच्या कपड्यांना आता जिलेबीचा वास येतो. नवी पोरं जॉइन झाली की मला विचारतात, "सुरुवातीला कसं होतं?" मी सांगायला लागते आणि पहिल्या मिनिटातच माझे हात विमान होतात.

पण तेव्हा तसं सरळ काही झालं नाही.

जॉइसची आई आली. सगळे तिला गोगो म्हणायचे, त्यांच्याकडे आजीला गोगो म्हणतात. बारीक चणीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि विमानातून उतरल्यावरचं पहिलं वाक्य, जॉइसनं भाषांतर करून सांगितलेलं: "एवढंच? मी नऊ वर्षं उगाच घाबरले." आम्ही सगळे हसलो. आणि त्यानंतर दहाव्या दिवशी तिकडे राजधानीत उड्डाण घेताना आमच्या विमानाच्या इंजिनात पक्षी गेला.

माणसं सुखरूप होती. विमान साडेतीन आठवडे उभं राहिलं. दुसरं इंजिन कुठून कुठून येत होतं, दुसरं विमान भाड्यानं मिळत नव्हतं. एस्थरनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुल्या मारायला सुरुवात केली. अकरा फुल्या. प्रवाशांना दुसऱ्या कंपन्यांवर बसवून पाठवताना माझा आवाज बसला. नॉटिंगहॅमहून जॉइसचा एक मेसेज आला, फक्त एवढाच: "पुन्हा तेच का?" मी त्याला काय उत्तर लिहिलं ते आठवत नाही. बहुतेक "नाही" असं लिहिलं. लिहिताना मला खात्री नव्हती.

जूनमध्ये विमान पुन्हा सुरू झालं, पण आता नवंच दुखणं. हेड ऑफिसच्या एका सल्लागारानं वेळापत्रक असं केलं होतं की विमान सकाळी साडेसहाला लंडनला उतरायचं आणि नऊला परत उडायचं, म्हणजे तिकडं पोचल्यावर त्यालाच आणखी एका शेजारच्या देशात पाठवता येईल. कागदावर ते सुंदर दिसायचं. पण एक तास उशीर झाला की तो पुढच्या फेरीला चिकटायचा, तिथून त्याच्या पुढच्या, मग पायलटांचे ड्यूटीचे तास संपायचे आणि फेरी रद्द. जुलैच्या मध्यापर्यंत आणखी सात फुल्या. अठरा. त्र्याण्णवमधून अठरा गेल्या की उरतात पंचाहत्तर. म्हणजे यापुढे एकही चुकून चालणार नव्हतं.

त्याच आठवड्यात एस्थर आमच्याकडे जेवायला आली. खरं तर मीच बोलावलं, कारण ऑफिसात त्या कॅलेंडरसमोर तिला एकटीला सोडून निघणं मला जमेना. मी भरली वांगी केली होती. तिनं तीनदा घेतली आणि म्हणाली, शेंगदाण्याचं कूट घालतेस म्हणजे तू आमचीच. अण्णा समोर बसले होते. त्यांना इंग्लिश कळतं, पण बोलताना अडतात. त्यांनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं:

"गाड्या किती आहेत म्हणालीस हिच्याकडं?"

"लांब पल्ल्याची एकच, अण्णा."

"आणि स्पेअर?"

"नाही."

अण्णांनी वाटी बाजूला सारली. "मग ती सकाळी येऊन लगेच माघारी कशी फिरवता तुम्ही? माझ्या डेपोत अकरा गाड्या होत्या. डोंगरातल्या गावाला जाणारी गाडी मी कधी लगेच फिरवली नाही. ती मुक्कामी ठेवायची. संध्याकाळी जायची, रात्री तिथंच, सकाळी निघायची. वाटेत पंक्चर झाली, दरड पडली, दोन तास उशीर झाला, तरी सकाळची वेळ हालत नव्हती. लोक घड्याळं लावायचे त्या गाडीवर."

एस्थरनं विचारलं, "काय म्हणतात तुझे वडील?"

मी सांगायच्या आधीच इरानं उडी मारली. "आजोबा सेज, तुमचा प्लेन ना, त्याला स्लीपओव्हर पाहिजे. इथे. फुल डे."

"पण उभं विमान म्हणजे फुकट गेलेला दिवस," एस्थर म्हणाली. "हेड ऑफिस मला फाडून खाईल."

अण्णा आता इंग्लिशमध्ये बोलले. सावकाश, एकेक शब्द टेकवत. "मॅडम. पॅसेंजर ब्रोकन सीट सहन करतो. बस येणार की नाही, हे माहीत नाही? तो नेक्स्ट टाइम येतच नाही."

एस्थरनं हात पुसले. मग तिनं बॅगेतून पेन काढलं आणि पेपर नॅपकिनवर दोन वेळा लिहिल्या: सकाळी साडेसहा, रात्री आठ चाळीस. नॅपकिन माझ्याकडे सरकवला. "हे चालेल?"

मी लॅपटॉप आणायला धावले. पोळ्या तशाच राहिल्या. संध्याकाळच्या उड्डाणाची वेळ विमानतळाकडे मोकळी होती, अर्ज केल्यावर ती बदलून मिळाली. हेड ऑफिसशी एस्थर दोन दिवस भांडली. व्हिडिओ कॉलवर ती उभी राहून बोलत होती, मी शेजारी बसून आकड्यांची शीट दाखवत होते. शेवटी तिकडचा सल्लागार म्हणाला, "ही कुठल्या कंपनीची पद्धत आहे?" एस्थर म्हणाली, "कऱ्हाडची." त्यानं नाव लिहूनही घेतलं.

त्यानंतरचे पाच आठवडे! मला त्या दिवसांचा रंगच वेगळा आठवतो. लांबलचक उजेडाच्या संध्याकाळी, रात्री नऊपर्यंत न मावळणारं ऊन, आणि आठ चाळीसला, अगदी आठ चाळीसला, सुगरण उडायची. अण्णा बागेत खुर्ची टाकून फोनवर तिचा ठिपका बघत बसायचे. कॅलेंडरवर हिरव्या खुणा. जॉइसच्या ग्रुपमधून एकदम बावीस तिकिटं आली. कोणी बारशाला निघालं होतं, कोणी घराच्या वास्तूला, कोणी नुसतंच आईच्या हातचं खायला. फोन ठेवला की मी खुर्ची गर्रकन फिरवायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी.

आणि मग ऑगस्टच्या बँक हॉलिडेचा सोमवार.

सकाळी सव्वासातला आमच्या इंजिनिअरचा फोन. उतरताना चाकाला काही तरी धारदार लागलं होतं, टायरला वीतभर चीर. तसं विमान उडणार नाही. स्पेअर चाक आदल्याच आठवड्यात वापरलं गेलं होतं आणि नवं अजून तिकडेच. संध्याकाळच्या फ्लाइटला दोनशेच्या वर माणसं. आणि आमच्याकडे चुकायची एकही फेरी शिल्लक नाही.

मी ऑफिसला गेलेच नाही. डायनिंग टेबलावरून फोन सुरू केले. जुन्या कंपनीतले ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे. कोणाकडे त्या बनावटीचं चाक नाही, कोणाकडे आहे पण त्यांनाच लागणार. अकरा वाजले. अण्णा माझ्यासमोर चहा ठेवून जात होते. सव्वाबाराला मिडलंड्समधल्या एका मालवाहू कंपनीचा माणूस म्हणाला, "आहे आमच्याकडे एक. देतो. पण आज सुट्टी आहे, आमची गाडी नाही. तुम्ही येऊन घेऊन जा."

मी नऊ कुरिअरना फोन केले. सुट्टी, सुट्टी, उद्या, उद्या सकाळी. ते गोदाम नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावर होतं. मी जॉइसला फोन लावला.

"जॉइस, तुझ्या चर्चकडे व्हॅन आहे ना?"

"कॉयरची आहे, गाणाऱ्यांची. ड्रम न्यायची. का?"

मी सांगितलं.  मग तिनं विचारलं, "किती जड असतं?"

"तू, मी आणि अण्णा मिळून जेवढे."

"मी सुट्टीवर आहे," ती म्हणाली. "निघाले."

पुढचे चार तास मी सांगू शकत नाही, कारण मी ते जगलेच नाही, मी फक्त नकाशावर एम वन हायवे बघत होते. दीड वाजता गोदाम. दोन दहाला चाक व्हॅनमध्ये, ड्रमच्या पट्ट्यांनी बांधलेलं. लूटनच्या आसपास ट्रॅफिक. साडेचारला मी, एस्थर आणि अण्णा विमानतळाच्या मालाच्या फाटकापाशी उभे. पाचला दहा कमी असताना एक जुनाट पांढरी व्हॅन आली, बाजूला रंगवलेला क्रॉस, आणि पुढच्या सीटवर जॉइसच्या शेजारी गोगो! डोक्याला फुलांचा रुमाल, मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं एक पिवळं पाकीट. त्यात त्या चाकाचा दाखला होता. त्या कागदाशिवाय चाक म्हणजे नुसतं रबर.

"हिला का आणलंस?" एस्थरनं विचारलं.

"मी नाही आणलं. तिनंच दार उघडून बसून घेतलं," जॉइस म्हणाली. "म्हणते, कागद मी सांभाळते, तू रस्ता बघ."

गोगोनं पाकीट फाटकावरच्या माणसाला दिलं नाही, एस्थरलाही नाही. आमचा इंजिनिअर आला, त्यानं दाखवलेलं ओळखपत्र तिनं निरखून पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि मग त्याच्या हातात दिलं. अण्णा हे बघत होते. हळूच मला म्हणाले, "डेपोत घ्यायला पाहिजे हिला."

साडेसातला चाक बसलं. आठ चाळीसला दार बंद झालं. आठ बावन्नला सुगरण उडाली, आणि स्लॉटच्या हिशेबात ती वेळेवरच होती. आम्ही पाच जण, त्यातले दोन सत्तरीपुढचे, मालाच्या फाटकासमोरच्या डांबरावर नाचलो. खरंच नाचलो. अण्णांना मी माझ्या लग्नातही नाचताना बघितलं नव्हतं. गोगोनं त्यांना दोन पावलं शिकवली, ती त्यांना जमली नाहीत, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

सकाळी नऊलाच परत उडणारं विमान असतं तर? मी हा प्रश्न त्या वेळी मनात येऊ दिला नाही. आता येतो. मग मी एकटीच "अरे देवा" म्हणते आणि पुन्हा कामाला लागते.

लोक मला विचारतात, एवढ्या मोठ्या कंपनीनंतर एवढ्या छोट्या ठिकाणी करमलं का? मोठ्या कंपनीत विमान रद्द झालं की आम्ही त्याला एक क्रमांक म्हणायचो. इथं मला माहीत होतं की गुरुवारच्या विमानात जॉइसच्या वॉर्डमधली एक मुलगी लग्नाला चालली आहे आणि तिच्या बॅगेत बहिणीसाठी घेतलेला ड्रेस आहे. छोट्या एअरलाइनमध्ये माणूस मोजता मोजता ओळखीचा होतो. आज आम्ही वाढलो, अजून वाढू, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटत असेल तर ती याची, की एक दिवस मी पुन्हा नुसते क्रमांक म्हणायला लागेन. म्हणून महिन्यातून एकदा मी मुद्दाम चेक-इनपाशी जाऊन उभी राहते.

अण्णा सप्टेंबरमध्ये कऱ्हाडला परत गेले. पाऊस जसा हळूहळू लंडनचा ताबा घेतो तसा घेत गेला. प्लेन नावाच्या झाडांची पानं इल्फर्डच्या फुटपाथवर चिकटली. हिरव्या खुणा एकेक वाढत गेल्या. कुठलीच फेरी चुकली नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार म्हणजे समरचं शेवटचं उड्डाण. त्याच दिवशी गोगो परत जाणार होती. दुपारी एस्थरचा फोन आला. तिनं आधी नुसतं माझं नाव घेतलं, दोनदा.

"एस्थर? काय झालं?"

"स्लॉट देणाऱ्यांचा मेल आलाय. आजची फेरी धरून त्यांचा आकडा आणि आपला आकडा एकच आहे. पंचाहत्तर." आणि मग, ओरडून, "आपली आहे, मेधा! पुढच्या समरची वेळ आपली आहे!"

मी कुठे होते? सेन्सबरीजच्या दुकानात, कांद्यांसमोर. मी जी आरोळी ठोकली तिनं एका बाईच्या हातातली अंडी पडता पडता वाचली.

संध्याकाळी चेक-इनपाशी गोगो आणि जॉइस उभ्या होत्या. बाहेर बोचरा वारा. गोगोनं गुडघ्यापर्यंतचा जाड जांभळा कोट घातला होता, सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जॉइसचे डोळे सुजलेले. नऊ वर्षांनी मिळालेले सहा महिने संपत होते.

गोगोनं माझा हात हातात घेतला आणि काही तरी विचारलं.

"ती विचारतेय," जॉइस म्हणाली, "पुढच्या वर्षी हे विमान असणार का?"

आठ महिने मला हा प्रश्न प्रत्येकानं विचारला होता. चर्चच्या हॉलमध्ये, फोनवर, रद्द झालेल्या फ्लाइटच्या रांगेत. आणि आठ महिने माझं उत्तर एकच होतं, "आशा आहे." मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"हो," मी म्हटलं. "असणार. हेच दिवस, हीच वेळ."

जॉइसनं तिला सांगितलं. गोगोनं माझ्याकडे निरखून पाहिलं, त्या दिवशी इंजिनिअरकडे पाहिलं होतं तसं. मग माझा हात सोडला आणि कोटाची बटणं काढायला लागली. एकेक करून, वरून खाली. कोट उतरवला, नीट घडी केली आणि लेकीच्या हातांवर ठेवला.

मी जॉइसला विचारलं, "काय म्हणतायत?"

जॉइसनं कोट छातीशी धरला होता. 

"म्हणतेय, तिकडे एवढ्या उन्हात हा कशाला न्यायचा. तुझ्या कपाटात राहू दे. मला पुढच्या वेळी लागेल."

आणि गोगो आपल्या पातळ सुती ब्लाउजवर, रुमाल सारखा करत, सिक्युरिटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.